कालियाचा सुस्कारा

आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाचा कालियामर्दनाचा हलता देखावा २०११ साली मी बिघडवला. मुद्दाम नव्हे, पण बिघडवला हे खरं. मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. मंडळानं मला 'मार्गदर्शक' करून टाकलं होतं आणि मार्गदर्शकाचं काम म्हणजे पोरांनी विचारलं की मान डोलवायची. पोरं म्हणाली, "सर, देखावा फार आवाज करतोय, निवेदन ऐकूच येत नाही. नवी मोटार बसवू का?" मी म्हटलं, बसवा.

नवी मोटार बसली. देखावा असा गुपचूप चालू लागला की सगळ्यांनी माझं कौतुक केलं. तिसऱ्या रात्री कालियाची मान सांध्यात तडकली आणि मधला फणा कृष्णाच्या पायावर येऊन पडला. नशीब, खाली कुणी लहान मूल नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे पडदा ओढला आणि विसर्जनानंतर सगळं सामान देवळामागच्या खोलीत गेलं. ते तिथे अकरा वर्षं पडून होतं.

आज जे लिहितोय ते या देखाव्याबद्दल आहे, पण नुसतं त्याच्याबद्दल नाही. हलणाऱ्या मूर्ती, हलणारी शिल्पं, बाहुल्यांची घड्याळं यांचं जतन कसं करतात आणि त्यात आवाजाचा काय संबंध, हे मला फार उशिरा कळलं. उशिरा कळलेलं माणूस जरा जास्तच सांगतो, तेव्हा सांभाळून घ्या.

आधी देखाव्याची कुळकथा. पुण्याच्या गणेशोत्सवात हलत्या देखाव्यांचं वेड होतं ते जुन्या मंडळींना ठाऊक आहे. डी. एस. खटावकरांसारख्या शिल्पकारांनी देखाव्यांना मोठं नाव मिळवून दिलं आणि ते बघायला आमच्या अंबाजोगाईहूनसुद्धा लोक एस.टी.नं पुण्याला जात. आमच्या शाळेतले ड्रॉइंगचे सर १९७८ साली असेच जाऊन आले आणि पुढच्या वर्षी त्यांनी कालिया उभा केला. अंगासाठी काथ्या आणि कागदाचा लगदा. पोटात अर्ध्या हॉर्सपॉवरची जुनी मोटार, भंगारात निघालेल्या कडबा कुट्टीची दोन दातेरी चाकं, सायकलची चेन, आणि बाभळीच्या लाकडाची एक चकती, एका अंगानं हळूहळू फुगत जाणारी आणि मग एकदम बसकी. सर तिला 'अंडं' म्हणत. अंडं फिरलं की दांडा वर ढकलला जाई आणि फणा सावकाश वर येई. बसका भाग आला की फणा खाली जाई. बस्स, एवढंच. पण रात्री हिरव्या दिव्यात तो फणा वर यायला लागला की पुढच्या रांगेतली पोरं आईच्या पदराआड जात.

आणि आवाज! घर्रर्र करत वर, मग खट्, मग सुस्स... आम्ही त्याला कालियाचा सुस्कारा म्हणायचो. हा शब्द लक्षात ठेवा.

सर २००६ साली गेले. त्यांनी कागदावर काही काढून ठेवलेलं नव्हतं. गरजच वाटली नसेल. दरवर्षी गणपतीच्या आधी ते येत, देखावा चालू करायला सांगत, स्टुलावर बसत आणि डोळे मिटून घेत. पाच मिनिटांनी उठून नेमक्या जागी तेल सोडत. आम्हाला वाटे, म्हातारा डुलकी काढतोय.

तसं पाहिलं तर यंत्राला कानानं ओळखणं आमच्या भागात काही नवं नव्हतं. माझी आजी पहाटे दळायला बसायची. जातं बोथट झालं की ते तिला पीठ बघायच्या आधी कळे. "गुळगुळीत बोलायलंय," म्हणायची. मग टाकी लावणारा माणूस गल्लीत आला की त्याला थांबवून जात्याच्या पाळ्यांना टाके घालून घ्यायची, आणि त्यानंतर पहिल्या पायलीला जात्याचा आवाज खरखरीत, भरीव यायचा. मोटेचं चाकही तसंच. चाकाच्या कुरकुरीवरून कोणाच्या विहिरीवर मोट चालू आहे ते बांधावरून सांगणारे लोक मी पाहिलेत. आमचे एक शेजारी परळीच्या औष्णिक वीज केंद्रात होते. ते सांगत, की जुने फिटर लोखंडी सळईचं एक टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचे आणि दुसरं कानाच्या हाडाला. आत गोळी खराब झाली असेल तर सळईतून 'टिक् टिक्' येते. डॉक्टरचा स्टेथोस्कोप वेगळं काय करतो? आणि घड्याळजी! आता तालुक्याच्या गावातही एखाद्याच्या टेबलावर डबीएवढं यंत्र असतं. घड्याळ त्यावर ठेवलं की ते टिकटिक ऐकतं आणि दिवसाला किती सेकंद पुढे, किती मागे, ते पडद्यावर सांगतं. म्हणजे कानाचं कामच यंत्रानं केलं, फक्त ते मोजून केलं.

मग प्रश्न असा, की ज्या कलाकृती हलतात त्यांच्या बाबतीत हे का करू नये?

दगडाच्या मूर्तीचं एक बरं असतं. आज फोटो काढा, वीस वर्षांनी काढा, दोन्ही शेजारी ठेवा, काय झिजलं ते दिसतं. हलत्या वस्तूचं तसं नसतं. तिची झीज पोटात असते. शिवाय तिला बंद ठेवली तर तेल आटून ती जाम होते आणि चालू ठेवली तर झिजते. दोन्हीकडून मरण! २०१६ साली इटलीत मिलान इथे अमेरिकेतल्या गेटी संस्थेनं आणि तिथल्या मुझेओ देल नोवेचेंतो या संग्रहालयानं जगभरच्या जतनतज्ज्ञांना याच विषयावर बोलावलं होतं. परिषदेच्या नावातच प्रश्नचिन्ह होतं, 'हलतं ठेवायचं का?' अशा अर्थाचं. मोठमोठ्या संग्रहालयांनाही हा प्रश्न सुटलेला नाही हे वाचून मला, खरं सांगतो, जरा बरं वाटलं.

या शिल्पांचा एक मोठा माणूस म्हणजे स्वित्झर्लंडचा जाँ टिंगेली (जन्म १९२५, मृत्यू १९९१). भंगारातून यंत्रं करायची, ती खडखडत चालवायची, हा त्याचा उद्योग. आमच्या सरांना हा माणूस फार आवडला असता. १९६० च्या मार्चमध्ये त्यानं न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या बागेत एक प्रचंड यंत्र उभं केलं, ते स्वतःच स्वतःला मोडून टाकणारं. ते पेटलं, अग्निशामक दलाच्या लोकांना मध्ये पडावं लागलं. पण त्याची सगळी यंत्रं काही अशी आत्मघातकी नव्हती. १९७८ पासून त्यानं 'मेटा-हार्मोनी' नावाची मालिका केली, तिच्यात मोठमोठ्या चाकांच्या मध्ये ढोल, झांजा, पियानोसारखी वाद्यं अडकवलेली. चाकं फिरली की वाद्यं वाजतात, वेडीवाकडी. इथे आवाज हा यंत्राचा दोष नाही, तो कलाकृतीचाच भाग आहे. बाझेल शहरात १९९६ पासून त्याच्या नावाचं संग्रहालय आहे. तिथे बरीचशी यंत्रं दिवसभर चालत नाहीत. प्रेक्षकानं बटण दाबलं की थोडा वेळ चालतात आणि मग सक्तीची विश्रांती. आमच्याकडे विहिरीवरच्या मोटारीला देतात तशी!

अशा यंत्राचा पट्टा बदलला, चाकाला नवं रबर लावलं, विजेची मोटार नवी बसवली, की त्याचा आवाज बदलतो. दुरुस्तीनंतर ते 'तेच' यंत्र राहिलं का? हे सांगणार कोण? दुरुस्त करणाऱ्याची आठवण? आठवण फार लबाड असते, ती कालच्या आवाजालाच मूळ आवाज समजते. म्हणून ध्वनिमुद्रण. तेही सभेतल्या भाषणाचं करतो तसं नव्हे. माईक दरवेळी त्याच जागी, त्याच अंतरावर, त्याच उंचीवर. यंत्र थंड असताना एकदा आणि काही वेळ चालल्यावर एकदा. मग त्या आवाजाचा आलेख काढायचा. आडवा काळ, उभी स्वराची उंची, आणि जिथे आवाज जास्त तिथे रंग गडद. चाकाचे दात नीट बसत असतील तर आलेखात सारख्या अंतरावर रेघा दिसतात. एक दात तुटला की दर फेऱ्याला एक रेघ वेगळी पडते. बेअरिंग कोरडं पडलं की वरच्या भागात धुरळा उडाल्यासारखा दिसतो. दरवर्षीचे आलेख शेजारी ठेवले की पोटातली झीज पोट न फाडता कळते. ही गोष्ट आता हलत्या वस्तूंपुरतीही राहिलेली नाही. लाकडाला तडा जायला लागतो तेव्हा माणसाच्या कानाला न ऐकू येणारे फार बारीक आवाज निघतात. युरोपात अठराव्या शतकातल्या एका लाकडी कपाटाला संवेदक चिकटवून अभ्यासकांनी ते आवाजही टिपलेत.

आता इतिहासातली एक गोष्ट सांगतो, जिच्यात ही सोय नव्हती आणि त्यामुळे काय झालं ते दिसतं. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ. चित्रात सगळ्यांनी पाहिलाय. एक वाघ गोऱ्या शिपायाच्या अंगावर बसून त्याचा गळा धरतोय. १७९० च्या दशकात म्हैसूरला घडवलेला, लांबी पावणेदोन मीटरच्या आसपास. पण तो नुसता पुतळा नाही हे पुष्कळांना माहीत नसतं. बाजूचा दांडा फिरवला की आतले भाते चालतात. शिपायाचा हात वर-खाली होतो, त्याच्या तोंडातून विव्हळल्यासारखा आवाज निघतो, वाघ मधूनमधून गुरगुरतो. वाघाच्या कुशीत एक छोटा ऑर्गनही आहे, अठरा स्वरांचा. म्हणजे हलतं शिल्प आणि वाद्य एकाच लाकडात.

(या टिपूवर १७९२ साली इंग्रजांबरोबर चालून गेलेल्यांत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा होत्या, आणि निजामाचीही फौज होती. आणि तीनच वर्षांनी, १७९५ त, हेच मराठे आणि निजाम आमच्या जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या खर्ड्याला एकमेकांशी लढले. इतिहास शिकवताना मी हे सांगितलं की पोरं विचारायची, सर, मग हे नक्की कोणाच्या बाजूचे? असो.)

४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं. वाघ इंग्रजांच्या हाती लागला आणि लंडनला गेला. १८०८ पासून तो ईस्ट इंडिया कंपनीच्या इमारतीत लोकांना बघायला ठेवला होता. जो येई तो दांडा फिरवून बघे. शेजारी ग्रंथालय. तिथे अभ्यास करणारी विद्वान मंडळी या किंचाळण्याला इतकी वैतागली की पुढे केव्हातरी दांडाच नाहीसा झाला तेव्हा वर्तमानपत्रानं सुटकेचा निःश्वास टाकला. इथे मला आमची पोरं आठवतात. "सर, फार आवाज करतोय." दोनशे वर्षांत माणूस बदलला नाही! पुढे हा वाघ लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात गेला. दुसऱ्या महायुद्धात छत कोसळून त्याचे तुकडे झाले, ते युद्धानंतर जोडले. मधल्या काळात ज्याच्या हाती आला त्यानं आपल्या समजुतीप्रमाणे आतली यंत्रणा दुरुस्त केली. यांत्रिक वाद्यांचे अभ्यासक आर्थर ऑर्ड-ह्यूम यांनी लिहून ठेवलंय की इंग्लंडात गेल्यावर या यंत्रात इतके फेरफार झाले की त्याची मूळ रचना बरीचशी नाहीशी झाली.

म्हणजे आज त्या वाघाची फीत आपण घरबसल्या ऐकतो, तेव्हा कानावर पडतं ते काय? टिपूनं ऐकलेली गुरगुर, की इंग्रज कारागिरांनी ठाकठीक केलेली? लाकूड तेच आहे, पण आवाजाबद्दल कुणी शपथ घेऊ शकत नाही. याला दोष तरी कोणाला द्यायचा? आवाज पकडून ठेवायचं एडिसनचं यंत्रच १८७७ साली निघालं.

आणि योगायोग बघा. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८७८ साली, मुंबईत विद्यापीठाचा राजाबाई टॉवर पुरा झाला. प्रेमचंद रायचंदांनी पैसा दिला, आईचं नाव दिलं, २८० फूट उंच. त्याच्या घड्याळाच्या घंटा इंग्रजी अमलात सोळा वेगवेगळ्या धुना वाजवत आणि दिवसातून चार वेळा धून बदले. आज दर पंधरा मिनिटांनी एकच धून ऐकू येते. २०१३ ते २०१५ या काळात मनोऱ्याची मोठी डागडुजी झाली, दगड, रंगीत काचा सगळं उजळलं. ते बघून डोळ्यांचं पारणं फिटतं. पण त्या सोळा धुना वाजवत असतानाचा मनोरा कानांनी कसा होता, ते डागडुजीला परत आणता येत नाही.

मराठवाड्यातल्या माणसाला या सगळ्यात आठवतं ते मात्र हैदराबाद. आमचा बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. वडिलांच्या पिढीची मोठी कामं, मोठे दवाखाने, मोठ्या खरेद्या सगळं तिकडे. मी पहिल्यांदा १९७१ साली कॉलेजच्या मित्रांबरोबर गेलो आणि सगळे करतात तेच केलं. सालारजंग संग्रहालयातल्या घड्याळापुढे जाऊन बसलो. तिसऱ्या सालारजंगांच्या, म्हणजे मीर युसुफ अली खान यांच्या संग्रहातलं हे घड्याळ, कुक अँड केल्व्ही या कलकत्त्याच्या पेढीचं, साडेतीनशेहून जास्त भागांचं. तास भरायला तीन मिनिटं राहिली की वरचं दार उघडतं, एक दाढीवाला छोटा माणूस बाहेर येतो आणि तास भरला की तितके टोले देतो. दुसरा एक लोहार सतत हातोडा मारत असतो, सेकंदाला एक. तीन-चार इंचांच्या त्या म्हाताऱ्यासाठी शेकडो माणसं श्वास रोखून बसतात. मला तर तेव्हा वाटलं की सगळं संग्रहालय त्यानंच उभं केलंय!

गेल्या हिवाळ्यात नातीला घेऊन पुन्हा गेलो. तिनं अर्थातच मोबाइलवर सगळं घेतलं. घरी आल्यावर मी चित्र न बघता डोळे मिटून नुसता आवाज ऐकला, सरांसारखा. गर्दीच्या कुजबुजीतून लोहाराचे ठोके मोजले. मनात आलं, या घड्याळापुढे रोज शेकडो फोन वर होतात. गेली पंधरा-वीस वर्षं होतायत. कुणाला वाटलंही नसेल, पण त्या म्हाताऱ्याच्या प्रकृतीची इतकी मोठी नोंदवही जगात क्वचितच दुसरी असेल. फक्त ती लोकांच्या खिशात विखुरली आहे, आणि फोन बदलला की पुसली जाते.

संभाजीनगरच्या पाणचक्कीबद्दल मला असंच वाटतं. डोंगरातून खापरी नळांनी आणलेलं पाणी, त्यावर फिरणारा दगड. विद्यापीठात होतो तेव्हा कितीदा तिथे वडाखाली बसलोय. वडाचा, हौदाचा, पाण्याच्या पडद्याचा फोटो प्रत्येकाच्या अल्बममध्ये आहे. पण तिच्या दगडाचा, दळतानाचा आवाज कुणी सांगावा? मला विचाराल तर मी फक्त 'घुर्र' म्हणू शकतो. हे लेखन झालं, नोंद नव्हे.

आता परत आमच्या कालियाकडे.

२०१९ च्या दिवाळीत माळा आवरताना जुन्या कॅसेटांची पेटी निघाली. सौ. म्हणाली, "भंगारात टाका, वाजवायला यंत्र तरी कुठाय?" तिचं बरोबरच होतं. पण एका कॅसेटवर माझ्याच अक्षरात 'गणेशोत्सव १९८४' लिहिलेलं. त्या वर्षी मंडळात माझं 'लोकमान्य आणि गणेशोत्सव' यावर भाषण होतं आणि मी (काय ती हौस!) शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर आणून ते टेप करून घेतलं होतं. पुण्याच्या भाच्यानं कुठून तरी यंत्र मिळवलं आणि कॅसेट संगणकात उतरवून दिली. भाषण तेरा मिनिटांचं, आणि सांगायला लाज वाटते, अगदीच सुमार. पण भाषणाच्या मागे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कालिया चालू होता.

घर्रर्र, खट्, सुस्स. घर्रर्र, खट्, सुस्स.

आम्ही दोघंही बोलेनासे झालो. भाच्याला कशाचंच काही माहीत नव्हतं, तो नुसता म्हणाला, "मामा, हे मागं काय चाललंय?"

मग आम्ही कामाला लागलो. त्यानं ऑडॅसिटी नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीत आवाजाचा आलेख काढला. फेरे मोजले. मिनिटाला पंधरा. नवी मोटार बसवली तेव्हाची एक मोबाइलची चित्रफीत मंडळाच्या एका पोराकडे होती, तिच्यात मोजले तर चोवीस! म्हणजे आम्ही बिचाऱ्या कालियाला दीडपटीहून जास्त पळवत होतो. पण पंधरावर तरी विश्वास ठेवायचा कसा? शेजाऱ्यांच्या टेपरेकॉर्डरचे सेल उतरलेले असायचे. टेप करताना फीत सावकाश सरकली असेल तर आज वाजवताना सगळं जलद आणि चढ्या सुरात ऐकू येणार. भाचा म्हणाला, विजेची गुणगुण पन्नासची असते, त्यावरून बघू. मी हसलो. त्या काळात आमच्याकडची वीज कधी पन्नासवर असायची का!

उत्तर घंटेनं दिलं. भाषण संपल्यावर टेप तशीच चालू राहिली होती आणि तिच्यात आरतीची सुरुवात सापडली. मंडळाची पितळी घंटा तीच आहे, आजही तीच वाजते, आणि पितळ काही चाळीस वर्षांत सूर बदलत नाही. आमच्याकडचे हार्मोनियमचे गुरुजी येऊन बसले. खरी घंटा पांढरी दोनला जुळली, टेपमधली काळी दोनला. म्हणजे टेप एका पट्टीनं चढी, शंभराला सहाच्या हिशेबानं. पंधराचे झाले चौदा. चौदा फेरे. सरांचा कालिया मिनिटाला चौदा श्वास घेत होता.

पण खरी गंमत पुढे आहे. २०२२ साली, कोरोनाची दोन वर्षं गेल्यावर, आम्ही खोलीतून सगळं बाहेर काढलं. जुनी मोटार, कडबा कुट्टीची चाकं पोत्यात भरून ठेवली होती, ती जोडली. अंडं उंदरांनी कुरतडलं होतं, सुतारानं त्यावरून दुसरं केलं. मान सांधली. वेग चौदावर आणला. चालू केलं. घर्रर्र, खट्. घर्रर्र, खट्.

सुस्स नाही.

आणि खट् भलताच मोठा, छातीत भरणारा. आलेखात तर स्पष्टच. १९८४ मध्ये खट् नंतर पाऊण सेकंदभर एक मऊ, पसरट डाग होता आणि आता तिथे कोरी जागा. म्हणजे त्या ठिकाणी काहीतरी घासत होतं, ते आता नाही. काय? फोटोत काही दिसेना, कारण सरांनी तो भाग कापडानं झाकलेला असे. दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी २०११ साली मोटार बसवणाऱ्या पोरांपैकी एक, आता त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, तो खाली मान घालून म्हणाला, "सर, तिथं एक चामड्याचा तुकडा होता. कडक झालेला, काळाकुट्ट. आम्हाला वाटलं, कुणीतरी फट बुजवायला कोंबलाय. फेकून दिला."

तो मोटेच्या चामड्याचा होता, हे मला लगेच आठवलं, कारण ती मोट आमच्याच शेतातली. सरांनी मागून नेली होती. फणा खाली येताना दांडा त्या चामड्याच्या दोन पट्ट्यांमधून घसरायचा आणि फणा आदळायचा नाही, उतरायचा. ब्रेकच तो! आम्ही वेग वाढवला आणि ब्रेक काढून फेकला, वर पुन्हा मान का तुटली म्हणून मोटारीच्या कंपनीला शिव्या घातल्या. जिला आम्ही इतकी वर्षं कौतुकानं सुस्कारा म्हणत होतो तो कालियाची मान वाचवत होता.

मोटेचं चामडं आता कुठून आणणार? आंब्याच्या लोणच्याच्या बरणीसारखं जपून ठेवलेलं कुणाकडे असेल म्हणून चार गावं फिरलो, मिळालं नाही. चांभाराकडून जाड तळव्याचं चामडं आणलं, एरंडेल पाजलं. आलेखातला डाग पहिल्यांदा फार लांब आला. पट्ट्या सैल केल्या, तर फारच आखूड. सहाव्या खेपेला जुन्या डागाशी जुळला. अगदी तंतोतंत नाही. चामडं वेगळं आहे, तेव्हा ते वेगळं बोलणारच. नव्या आवाजाला आम्ही जुना म्हणत नाही, वहीत 'चामडं बदललं, २०२२' अशी नोंद केली आहे.

तेव्हापासून दरवर्षी गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी देवळामागच्या खोलीत फरशीवर खडूनं खूण केली आहे तिथे स्टूल ठेवतो, स्टुलावर फोन, आणि सगळ्यांना बाहेर काढून पाच मिनिटं कालियाला एकट्याला चालू देतो. २०२४ ला आलेखाच्या वरच्या भागात बारीक धुरळा दिसला. कानाला काहीच जाणवत नव्हतं, निदान माझ्या या वयातल्या कानाला. गॅरेजवाल्यानं उघडून पाहिलं तर चेनच्या मागच्या चाकाचा बुश कोरडा ठणठणीत.

कॅसेटवर आणखी एक गोष्ट आहे. माझ्या भाषणाच्या नवव्या मिनिटाला, टिळक मंडालेला पोचलेले असताना, मागून सरांचा आवाज येतो. फार हळू, पण येतो. "थांब रे, बंद कर जरा. तेल मागायलंय ते." मग कालिया थांबतो, मी मात्र थांबत नाही, माझं चालूच. मिनिटभरानं पुन्हा घर्रर्र सुरू होतं. भाच्यानं आलेखात तो थांबा आधीचा आणि नंतरचा असा शेजारी शेजारी ठेवून दाखवला. आधीच्यात वर बारीक धुरळा आहे, नंतरच्यात नाही.

नातेवाइकांपैकी ज्यांची लहानपणं या गल्लीत गेली त्यांना एक विनंती. १९७९ ते २०१० मधल्या कुठल्याही गणपतीतली कॅसेट, व्हिडिओ, लग्नाच्या वरातीत मागे चालू असलेला देखावा, काहीही असेल, तर भंगारात देण्याआधी मला कळवा. वाजत नसली तरी चालेल. विशेषतः १९९३ च्या आधीची हवी आहे, कारण त्या वर्षी सरांनी अंडं बदललं होतं आणि पहिलं कसं होतं ते आम्हाला ठाऊक नाही.